जीसीसी सापडत नाही म्हणून चौथ्यांदा इन्स्टॉल करण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. विंडोजवर सी शिकायला बसलात, व्हीएस कोड घेतलं, त्यात सी/सी++ चं एक्स्टेन्शन टाकलं. जीसीसी हा कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचा प्रोग्राम बनवणारं साधन, मिळवायला एक व्हिडिओ बघून एमसिस२ टाकलं आणि पाथही, म्हणजे कंपायलरच्या फोल्डरचा पत्ता, विंडोजला दिला. तरी टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, जीसीसी लिहिलं की 'इज नॉट रेकग्नाइज्ड' हेच उत्तर. तीन वेळा सगळं काढून पुन्हा टाकून झालं. मग कोणीतरी सुचवलं म्हणून कोडब्लॉक्स हे प्रोग्राम लिहायचं दुसरं साधन घेतलं, तर ते म्हणतं की कंपायलरच सापडत नाही. आणि आता संगणक फॉरमॅट करावा का, असं विचारताय.

फॉरमॅट करू नका. चौथ्यांदा इन्स्टॉलही करू नका. मी बरीच वर्षं नवशिक्यांना सी आणि सी++ शिकवते आणि दर नव्या तुकडीचा पहिला आठवडा याच दुखण्यात जातो. माझा अनुभव असा की पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करणाऱ्यांचं काम सर्वांत उशिरा मार्गी लागतं. दर वेळी थोडी वेगळी मांडणी होते, जुन्या खुणा पुसल्या जातात, आणि मूळ चूक कुठे होती हे शोधायला काही उरतच नाही.

'जीसीसी चालत नाही' या एका वाक्यात चार निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. कंपायलर डिस्कवर आहे का? असेल तर टर्मिनलला तो सापडतो का? सापडला तर तो तुमची फाइल वाचून प्रोग्राम बनवतो का? आणि बनलेला प्रोग्राम चालतो का? या चारही ठिकाणी येणारी एरर वेगळी असते आणि उपायही वेगळा. तुमचं घोडं पहिल्या किंवा दुसऱ्या ठिकाणी अडलंय. नेमकं कुठे, ते पाच मिनिटांत कळेल.

एक सूचना आधीच करते. खाली कमांड आणि फोल्डरांची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, तुम्ही टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत करा. एमसिस म्हणजे एम-एस-वाय-एस.

आधी हा घोळ होतो कशामुळे ते सांगते, म्हणजे स्वतःला दोष देणं थांबेल. व्हीएस कोड हा नुसता एडिटर आहे. त्यातलं सी/सी++ चं एक्स्टेन्शन शब्द रंगवतं, सूचना देतं, डीबगरशी (प्रोग्राममधली चूक शोधायच्या साधनाशी) बोलतं, पण कंपायलर त्याच्यासोबत येत नाही. तो वेगळा आणावा लागतो. आता जीसीसी १९८७ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी पहिल्यांदा प्रसिद्ध केला तो युनिक्सच्या वळणाच्या यंत्रणांसाठी. जीसीसीचा प्रकल्प आजही अधिकृतपणे देतो तो फक्त सोर्स कोड, विंडोजचा तयार इन्स्टॉलर नाही. विंडोजसाठी ते काम आधी मिंगडब्ल्यूने केलं, नंतर ६४ बिटसाठी त्यातून मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४ हा वेगळा प्रकल्प निघाला, आणि त्यावर आधारलेली गाठोडी निरनिराळ्या लोकांनी बांधली. एमसिस२ हे त्यातलंच एक. प्रत्येक गाठोड्याचा फोल्डर वेगळा. एका व्हिडिओतून इन्स्टॉलेशन आणि दुसऱ्यातून पाथ घेतला की दोन्ही पायऱ्या आपापल्या जागी बरोबर असूनही एकमेकींना भेटत नाहीत. तुमच्याकडेही असंच झालं असावं असा माझा दाट संशय आहे.

आता पहिली तपासणी. टर्मिनल बाजूला ठेवा आणि फाइल एक्स्प्लोरर उघडा. सी ड्राइव्हमध्ये एमसिस६४ नावाचा फोल्डर दिसेल. त्यात यूसीआरटी६४, त्यात बिन. या बिनमध्ये जीसीसी.एक्झी नावाची फाइल डोळ्यांनी दिसते का, ते बघा. विंडोज शेवटचं .एक्झी लपवत असेल तर नुसतं जीसीसी दिसेल, तेही चालेल.

नसेल, तर कंपायलर आलेलाच नाही, आणि पाथशी कितीही झटापट केलीत तरी उपयोग नाही. एमसिस२ चा इन्स्टॉलर कंपायलर आणत नाही, कंपायलर आणण्याची सोय तेवढी आणतो. इन्स्टॉलेशन संपल्यावर एक काळी खिडकी आपोआप उघडते ना, तिच्यात पॅकमन नावाच्या साधनाला सांगावं लागतं की जीसीसी घेऊन ये. पुष्कळ जण ती खिडकी 'झालं वाटतं' म्हणून बंद करतात. कमांड आहे 'पॅकमन -एस मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४-यूसीआरटी-एक्स८६_६४-जीसीसी', त्यातला एस मोठ्या लिपीतला. हे लांबलचक नाव हाताने टाइप करू नका, एमसिस२ च्या संकेतस्थळावर पहिल्याच पानावर आहे, तिथून कॉपी करा. मध्ये पुढे जाऊ का असं विचारेल, तिथे एंटर दाबा आणि डाउनलोड पूर्ण होईपर्यंत थांबा.

इथे दोन खोडे आहेत. कोणी नुसतंच 'पॅकमन -एस जीसीसी' लिहितं. त्यानेही एक जीसीसी येतो, पण तो यूएसआर\बिनमध्ये जाऊन बसतो आणि त्याने बनवलेले प्रोग्राम एमसिसच्या स्वतःच्या डीएलएलवर, म्हणजे चालताना सोबत लागणाऱ्या फाइलवर, अवलंबून राहतात. तो आपल्याला नको. दुसरा खोडा जुन्या व्हिडिओंचा. त्यांत मिंगडब्ल्यू६४ नावाच्या फोल्डरात जाणारं पॅकेज घ्यायला सांगतात आणि पाथ मात्र दुसरीकडून कॉपी केल्यामुळे यूसीआरटी६४ चा दिला जातो. म्हणून यूसीआरटी६४\बिन रिकामा दिसला तर शेजारच्या मिंगडब्ल्यू६४\बिनमध्येही डोकावा. जीसीसी तिथे असेल तर तोही उत्तम चालतो, पाथ फक्त त्या फोल्डरचा द्यायचा. एकच काहीतरी धरा.

फाइल दिसली? मग तिला पूर्ण पत्त्याने हाक मारा. स्टार्टमध्ये सीएमडी शोधून साधं कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि लिहा: 'सी:\एमसिस६४\यूसीआरटी६४\बिन\जीसीसी.एक्झी --व्हर्जन'. व्हर्जनच्या आधी दोन आडव्या रेघा. आवृत्तीचा आकडा आणि खाली कॉपीराइटच्या दोन-तीन ओळी आल्या, की इन्स्टॉलेशन ठणठणीत आहे याचा पुरावा मिळाला. त्यानंतर ते काढून पुन्हा टाकायचं काहीही कारण उरत नाही. राहिला तो फक्त पाथचा प्रश्न. मी विद्यार्थ्यांना सगळ्यात आधी हीच कमांड द्यायला लावते, कारण तिच्याने निम्मे प्रश्न एका झटक्यात बाद होतात.

आता पाथ. तुम्ही नुसतं 'जीसीसी' लिहिता तेव्हा विंडोज अख्खी डिस्क धुंडाळत नाही. तिच्याकडे फोल्डरांची एक यादी असते, तिचं नाव पाथ. त्या यादीतल्या फोल्डरांत ती ओळीने डोकावते, जिथे जीसीसी.एक्झी पहिल्यांदा भेटेल तिथे थांबते, आणि कुठेच भेटला नाही तर 'ओळखत नाही' म्हणते. बस, एवढंच. त्या एररचा अर्थ 'कंपायलर बिघडला' असा होत नाही.

एका विद्यार्थ्याने दोन दिवस डोकं फोडून घेतलं होतं. मी त्याच्या स्क्रीनवर पाथची यादी उघडली. ओळ अगदी बरोबर दिसत होती: सी:\एमसिस६४\यूसीआरटी६४\बिन\जीसीसी.एक्झी. मलाही क्षणभर कळेना. मग लक्षात आलं, शेवटचं '\जीसीसी.एक्झी' तिथे असायला नको. यादी फोल्डरांची आहे, फाइलची नाही. त्याने फाइलवर राइट क्लिक करून 'कॉपी ॲज पाथ' केलं होतं, म्हणून फाइलच्या नावासकट पत्ता आला, वर दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हंही चिकटली. शेवटचा तुकडा आणि अवतरणचिन्हं खोडली, नवी खिडकी उघडली, जीसीसी हजर. तुमची ओळ 'बिन'वर संपते का, ते आधी बघा.

ओळ कुठे बघायची? स्टार्टमध्ये 'एन्व्हायर्नमेंट' असं टाइप करा, 'एडिट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स फॉर युअर अकाउंट' येईल. त्यात वरच्या चौकटीत पाथ निवडा, एडिट, मग न्यू. ओळ टाकली की सगळ्या खिडक्या ओके म्हणूनच बंद करा. फुलीने बंद केल्या तर बदल टिकत नाही.

त्यानंतरची चूक मी स्वतःही अजून अधूनमधून करते. टर्मिनल उघडताना त्या क्षणीच्या पाथची प्रत स्वतःकडे घेतं आणि तीच घेऊन बसतं. नंतर केलेला बदल त्याला समजत नाही. व्हीएस कोडमधलं टर्मिनल तर व्हीएस कोडकडून प्रत घेतं, म्हणून नुसतं टर्मिनलचं टॅब बंद करून उघडणं पुरत नाही. व्हीएस कोडच्या सगळ्या खिडक्या बंद करा, मग ते नव्याने उघडा. 'मी रीस्टार्ट केलं आणि आपोआप सुरू झालं' असं लोक सांगतात त्यामागचं रहस्य बहुतेक वेळा हेच असतं.

काही ठिकाणी पाथ बदलायला सेटएक्स ही कमांड सुचवतात. ती वापरू नका. १०२४ अक्षरांपेक्षा लांब मजकूर ती कापून टाकते, आणि मग जीसीसी तर सापडत नाहीच, आधी चालणाऱ्या चार गोष्टीही बंद पडतात.

तुम्ही तीन-चार वेळा निरनिराळी गाठोडी टाकली असल्यामुळे आणखी एक शक्यता आहे: आता तुमच्याकडे एकाहून जास्त जीसीसी असतील. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'व्हेअर जीसीसी' लिहा. जितके सापडतील तितक्या ओळी येतील, आणि वापरात असतो तो पहिल्या ओळीतला. व्हीएस कोडमध्ये बहुधा पॉवरशेल उघडतं आणि तिथे नुसतं 'व्हेअर' लिहिलं तर काहीच छापून येत नाही, एररसुद्धा नाही. कारण विंडोज पॉवरशेलमध्ये त्या शब्दाचा अर्थ भलताच आहे. तिथे 'व्हेअर.एक्झी जीसीसी' असं पूर्ण लिहा. या शांततेला फसून 'माझ्याकडे जीसीसी नाहीच' असं ठरवून पुन्हा इन्स्टॉल करणारे मी पाहिलेत. दोन ओळी आल्या तर जुन्या गाठोड्याची नोंद पाथमधून काढा. आणि लक्षात असू द्या, सगळ्या वापरकर्त्यांसाठीची सिस्टीम यादी आधी वाचली जाते, तुमच्या खात्याची नंतर. जुनी नोंद सिस्टीम यादीत असेल तर तुमची ओळ तुमच्या यादीत कितीही वर सरकवलीत तरी जिंकणार नाही.

कोडब्लॉक्सचं काय? त्याचा डाउनलोड दोन प्रकारांत येतो. एकाच्या फाइलनावात मिंगडब्ल्यू असतं, दुसऱ्याच्या नसतं. नसलेल्यात कंपायलर येत नाही, आणि लहान फाइल म्हणून लोक नेमकी तीच उचलतात. तुमच्याकडे आता एमसिस२ चा कंपायलर असेल तर मोठी फाइल पुन्हा उतरवायची गरज नाही. सेटिंग्ज, कंपायलर, मग टूलचेन एक्झिक्यूटेबल्स या टॅबवर जा. तिथे फोल्डर द्यायचा तो सी:\एमसिस६४\यूसीआरटी६४ एवढाच. बिन नाही! पाथमध्ये बिनसकट, इथे बिनशिवाय, कारण कोडब्लॉक्स बिन स्वतः जोडून घेतं. त्याच टॅबवर खाली कंपायलरचं नाव मिंगडब्ल्यू३२-जीसीसी.एक्झी असं असेल तर ते बदलून जीसीसी.एक्झी करा, सी++ साठी जी++.एक्झी. पण खरं सांगू का, सध्या एकच साधन धरा. दोन्हींत एकदम हात घातला की कुठली एरर कुणाची, हेच कळेनासं होतं.

समजा जीसीसी सापडला. आता पहिला प्रोग्राम कंपाइल कराल आणि लगेच नवी एरर येईल, म्हणून आत्ताच दोन-तीन ओळखीच्या करून देते.

'अनडिफाइन्ड रेफरन्स टू विनमेन'. ही दिसली की मुलं घाबरतात, कारण त्यांनी विनमेन नावाचं काही लिहिलेलंच नसतं. मला मात्र ती बघून बरं वाटतं: कंपायलर सापडला, त्याने फाइल वाचली, लिंकरपर्यंत, म्हणजे तुकडे जोडून एक्झी बनवणाऱ्या भागापर्यंत, गोष्ट पोचली, म्हणजे इन्स्टॉलेशनचा विषय संपला. लिंकर सांगतोय ते एवढंच की प्रोग्राम सुरू कुठून करायचा ते मला मिळालं नाही. मेन सापडला नाही म्हणून तो विंडोजच्या पद्धतीचा विनमेन शोधतो आणि तोही नसतो. कारण बहुतेकदा हास्यास्पद असतं: फाइल सेव्ह केलेली नसते. तुम्हाला स्क्रीनवर पंधरा ओळी दिसतात, डिस्कवरची फाइल रिकामी असते. व्हीएस कोडमध्ये फाइलच्या नावाशेजारी फुलीच्या जागी गोल ठिपका दिसला तर फाइल सेव्ह व्हायची आहे. सेव्ह असेल, तर मेनचं स्पेलिंग बघा. अक्षरं उलटसुलट झालेली किंवा एम मोठ्या लिपीतला, हे दोन प्रकार नेहमीचे.

'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' आणि त्यात तुमच्याच फाइलचं नाव असेल तर एक तर टर्मिनल दुसऱ्याच फोल्डरमध्ये उभं आहे, नाहीतर नोटपॅडने हॅलो.सी च्या पुढे गुपचूप .टीएक्सटी जोडलंय. टर्मिनलमध्ये 'डीआयआर' लिहून खरं नाव बघा, एक्स्प्लोररवर विश्वास ठेवू नका. सरावाच्या फाइलींसाठी सी ड्राइव्हवर सरळ 'कोड' नावाचा फोल्डर करा, इंग्रजी अक्षरांत. नावात मोकळी जागा किंवा मराठी अक्षरं असली की एखादं तरी साधन कुठेतरी अडखळतंच. कंपायलर अडखळला नाही तर डीबगर अडखळतो.

सी++ चा प्रोग्राम जीसीसीने बांधायला गेलात तर एसटीडी आणि सीआउट असलेल्या एररींचा पाऊस पडतो. तिथे जी++ वापरायचं, संपलं.

आणि लाल नागमोडी रेघ ही एरर नव्हे. ती एडिटरचा अंदाज असतो. एसटीडीआयओच्या ओळीखाली लाल रेघ असूनही टर्मिनलमध्ये कंपाइल बिनबोभाट होत असेल, तर बिघाड एक्स्टेन्शनच्या सेटिंगमध्ये आहे: त्याला कंपायलरचा पत्ता माहीत नाही. फुरसतीने बघा. मी तर पहिले काही दिवस व्हीएस कोडच्या टास्क्स, लॉन्च वगैरे सेटिंगच्या जेसन फाइलींना हातच लावू देत नाही. हाताने कमांड लिहायची: 'जीसीसी -वॉल हॅलो.सी -ओ हॅलो'. यातल्या वॉलचा डब्ल्यू मोठा, ओ लहान. मग चालवायचं. पॉवरशेलमध्ये नुसतं 'हॅलो' लिहून चालणार नाही, कारण ते चालू फोल्डरमध्ये आपणहून बघत नाही, म्हणून '.\हॅलो' लिहा. कमांड प्रॉम्प्टमध्ये नुसतं नावही पुरतं.

कोड रनर हे एक्स्टेन्शन वापरत असाल आणि स्कॅनएफशी येऊन सगळं गोठलं, तर प्रोग्राम अडकलेला नाही. आउटपुटच्या टॅबमध्ये टाइप करताच येत नाही, आणि प्रोग्राम तुमच्या उत्तराची वाट बघत बसलाय. त्या एक्स्टेन्शनच्या सेटिंगमध्ये 'रन इन टर्मिनल' चालू करा. तसाच अर्धवट सोडलात आणि पुन्हा कंपाइल केलंत तर 'परमिशन डिनाइड' येईल, कारण चालू असलेल्या एक्झीवर विंडोज नवी एक्झी लिहू देत नाही. जुना प्रोग्राम टास्क मॅनेजरमधून बंद करा.

प्रोग्राम बनतो पण लगेच गायब होतो, असं झालं तर अँटिव्हायरसच्या नोंदी बघा. नुकत्याच जन्मलेल्या, कोणाच्या ओळखीच्या नसलेल्या एक्झीवर तो संशय घेतो. तो बंद करू नका, फक्त तो 'कोड' फोल्डर अपवादात टाका.

हे सगळं संगणक तुमचा स्वतःचा आहे असं धरून लिहिलंय. संस्थेचा किंवा कामाचा असेल आणि ॲडमिनचे हक्क नसतील, तर सिस्टीम यादी बदलता येणार नाही, पण तुमच्या खात्याची यादी बहुधा बदलता येते. इन्स्टॉलच करता येत नसेल तर डब्ल्यू६४डेव्हकिट हे जीसीसीचं आणखी एक गाठोडं बघा. ते नुसतं उलगडून एका फोल्डरात ठेवायचं आणि चालवायचं. मॅक असेल तर वरचं जवळपास काहीच लागू नाही: टर्मिनलमध्ये 'एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल' दिलं की झालं, फक्त तिथे जीसीसी म्हटल्यावर प्रत्यक्षात क्लँग हा दुसरा कंपायलर उत्तर देतो. उबुंटूवर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल'.

जुन्या पुस्तकातून शिकत असाल तर आणखी एक. कोनियो आणि ग्राफिक्स या हेडर फाइली, क्लिअरस्क्रीनचं फंक्शन, व्हॉइड मेन, हा सगळा टर्बो सी++ च्या डॉस जमान्याचा ऐवज आहे. ग्राफिक्सची हेडर फाइल सापडत नाही म्हणून जीसीसी ओरडला तर इन्स्टॉलेशनला दोष देऊ नका, ती जीसीसीसोबत नसतेच. त्या ओळी गाळा, इंट मेन लिहा.

तर आत्ता करायचं ते एवढंच: एक्स्प्लोररमध्ये जीसीसी.एक्झी शोधा, पूर्ण पत्त्याने चालवून बघा, मग पाथची ओळ बिनवर संपते ना ते पाहून व्हीएस कोड पूर्ण बंद करून उघडा. तरीही अडलं तर मला तीन गोष्टी लिहा. पूर्ण पत्त्याने दिलेल्या कमांडचं उत्तर, 'व्हेअर.एक्झी जीसीसी'च्या सगळ्या ओळी, आणि एररचा मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, कॉपी करून. 'एरर येते' एवढं लिहू नका आणि मोबाइलने काढलेला तिरका फोटोही नको, त्यात नेमकी पहिली ओळ कापली जाते आणि मला हवी असते ती तीच.